पहिला नवरा तुरुंगात आहे. दुसऱ्या नवऱ्याला माझी लेक दत्तक घेता येईल का?

निशिगंध

माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिचे वडील एका गंभीर गुन्ह्यात दहा वर्षांची सजा भोगत आहेत आणि उच्च न्यायालयात अपील पडून आहे. घटस्फोटात लेकीचा ताबा माझ्याकडे आला. पुढे मी पुन्हा लग्न केलं. लेक माझ्या नवऱ्याला बाबा म्हणते, आणि ते तिला कुणी शिकवलेलं नाही. तापातल्या रात्री, पालकसभा, सायकलमागे धावणं, सगळं ह्यांनीच केलं.

आता ह्यांना तिला रीतसर दत्तक घ्यायचंय. नात्यातले सगळे म्हणतात, "जेलमध्ये गेलेल्या माणसाला कसला आलाय हक्क? वकिलाकडून कागद करा आणि मोकळे व्हा." मला ते इतकं सरळ वाटत नाही. त्यांची संमती लागते का? ते नाही म्हणाले तर पुढे काय? तुरुंगातल्या माणसाला नोटीस तरी कशी जाते?

आणखी एक भीती आहे, ती मी घरात बोलून दाखवत नाही. उद्या मला काही झालं तर ही पोर कुणाच्या हवाली होईल? तिची आजी, म्हणजे त्यांची आई, अधूनमधून भेटायला येते. तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

सडेतोड

निशिगंध, इतका विचार कशाला करताय? ज्याने गुन्हा करताना पोरीचा विचार केला नाही त्याच्या दारात संमती मागायला जायचं? माझ्या मते शिक्षा कायम झाली की बापाचा हक्क संपलाच पाहिजे.

वकीलकाका

कौटुंबिक न्यायालयात बरीच वर्षं वकिली करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सडेतोड, राग कळतो, पण कायदा तसं म्हणत नाही. आपल्याकडे शिक्षा झाली म्हणून आईबापाचं कायदेशीर नातं आपोआप तुटत नाही. जन्मठेप असली तरी नाही.

हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६, कलम ९ पाहा. २०१० च्या दुरुस्तीनंतर मूल दत्तक देण्याचा अधिकार आई आणि वडील दोघांनाही सारखा आहे, पण एकाने तो दुसऱ्याच्या संमतीशिवाय वापरायचा नाही. संमती न लागण्याची कारणं तीनच आहेत: दुसऱ्याने कायमचा संसारत्याग केलाय, तो हिंदू राहिलेला नाही, किंवा सक्षम न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवलंय. तुरुंगवास ह्यात नाही, घटस्फोटही नाही. आणि बाप 'नाही' म्हणाला तर मुलाचं हित पाहून तो नकार बाजूला सारण्याचा अधिकार हा कायदा न्यायालयाला देत नाही. लोक इथेच अडकतात.

"कागद करून मोकळे व्हा" म्हणणाऱ्यांसाठी: दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवून मिळेलही. पण ह्या कायद्याच्या अटी मोडून केलेलं दत्तक कलम ५ प्रमाणे मुळातच निरर्थक असतं. नोंदणीमुळे दत्तक वैध असल्याचं गृहीत धरलं जातं, पण ते गृहीतक पुराव्याने मोडता येतं. पंधरा-वीस वर्षांनी वारसाहक्काचा वाद निघाला की समोरचा पहिला प्रश्न विचारणार, वडिलांची सही कुठे आहे? तेव्हा उत्तर देणारी तुमची लेक असेल.

दुसरा मार्ग बाल न्याय कायदा २०१५ आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीचा. त्यात सावत्र पालकाने दत्तक घेण्याची स्वतंत्र तरतूद आहे. तुम्ही दोघांनी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी करायची, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज पुढे जातो. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, त्याआधी न्यायालय देत असे. इथेही जन्मदात्याची संमती ठरलेल्या नमुन्यात लागते. ताब्याचा दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत प्रक्रिया सुरूच होत नाही. तुमच्या लेकीचं म्हणणंही विचारलं जाईल, ते टाळता येत नाही आणि टाळूही नये.

नोटिशीचं सोपं आहे. प्रतिवादी तुरुंगात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स कारागृहाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे पाठवतात आणि तो ते कैद्याला बजावतो. "पत्ता सापडत नाही" ही सबब चालत नाही, कारण ह्या माणसाचा पत्ता सरकारलाच ठाऊक असतो.

तुमच्या भीतीबद्दल रात्री लिहितो. खरं तर तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहते. इंटरनेटवर 'तुरुंगातल्या बापाचे पालकत्वाचे हक्क रद्द' असं जे वाचायला मिळतं ते बहुतेक इथलं असतं. इथे न्यायालय पालकत्वाचे हक्क कायमचे संपवू शकतं आणि त्यानंतर सावत्र वडिलांना दत्तक घेता येतं. पण तेही लोकांना वाटतं तसं झटपट होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलंय की हक्क संपवायला भक्कम आणि खात्रीलायक पुरावा हवा, नुसतं पारडं किंचित झुकलेलं पुरत नाही. १९९७ च्या केंद्रीय कायद्यातला २२ पैकी १५ महिन्यांचा नियम (मूल शेवटच्या २२ महिन्यांतले १५ महिने घराबाहेर राहिलं तर राज्याने हक्क संपवण्याचा अर्ज करायचा) सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांसाठी आहे. आईजवळ असलेल्या मुलाला तो लागू होत नाही. बाकी प्रत्येक राज्याचं वेगळं. तेव्हा इथले नियम वाचून तिथला निर्णय घेऊ नका एवढंच.

तळ्याकाठी

आमच्याकडे बापाने संमती दिली होती, तरी गाडी अडली. कायद्यातली वयाची अट कुणी सांगितलीच नव्हती. १९५६ च्या कायद्याने पुरुष मुलीला दत्तक घेत असेल तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं, स्त्री मुलाला घेत असेल तरी तेच. माझ्या बहिणीचा दुसरा नवरा २९ वर्षांचा आणि भाची दहाची. वकील नवखे होते, सगळे कागद तयार झाल्यावर हे लक्षात आलं. निशिगंधताई, आधी तुमच्या घरातली वयं मोजून घ्या.

वकीलकाका

तळ्याकाठी, फार उपयोगाचं सांगितलंत. त्याच कायद्यात अजून एक अडसर आहे. मुलगी दत्तक घेणाऱ्याला स्वतःची हिंदू मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नसावी लागते. म्हणजे दुसऱ्या लग्नानंतर ह्या जोडप्याला मुलगी झाली की हा मार्ग बंद होतो. बाल न्याय कायद्यात अशी अट नाही, आणि सावत्र पालकांसाठी वयाच्या अटीही तिथे शिथिल आहेत. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांनाही तोच कायदा उपयोगी पडतो. धर्म कुठलाही असो, त्याखाली दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केलंय.

आता निशिगंध यांची भीती. ती अगदी रास्त आहे. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ६ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की 'वडील' ह्या शब्दात सावत्र वडील येत नाहीत. म्हणजे आज तुम्हाला काही झालं तर ज्याने तिला वाढवलं तो कायद्याने तिचा नैसर्गिक पालक (न्यायालयाने न नेमताही कायदा ज्याला पालक मानतो तो) नाही, आणि तुरुंगातला बाप आहे.

ह्यावर उपाय आहे आणि त्यासाठी दत्तकाची वाट पाहावी लागत नाही. पालक आणि पाल्य कायदा १८९० खाली अर्ज करा. न्यायालय तिथे मुलाचं हित पाहून पालक नेमतं. गंभीर गुन्ह्यातली शिक्षा ह्या कायद्यात थेट विचारात घेतली जाते: चारित्र्याचा दोष दाखवणारी शिक्षा झाली असेल तर नेमलेल्या पालकालाही काढून टाकता येतं. १९९९ च्या गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक निकालाचाही आधार घ्या. बाप हयात असला तरी तो प्रत्यक्षात गैरहजर किंवा बेफिकीर असेल तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते, असा त्याचा अर्थ आहे. अर्जात तुमच्यासोबत नवऱ्याचंही नाव पालक म्हणून सुचवा. मृत्युपत्रातही मुलीचा पालक म्हणून त्यांना नेमा. पण नुसत्या मृत्युपत्रावर विसंबू नका. बाप नैसर्गिक पालक म्हणून अपात्र ठरला असेल तेव्हाच आईला तो अधिकार मिळतो, आणि ते अपात्र ठरणं न्यायालयाच्या आदेशात दिसलेलं बरं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. दत्तक झाल्याशिवाय सावत्र मुलगी सावत्र वडिलांची कायदेशीर वारस होत नाही. त्यांनी आजच मृत्युपत्र करावं. उलट दत्तक झालं की जन्मदात्या बापाकडून पुढे मिळू शकणारा वारसाहक्क जातो. दत्तकाआधी तिच्या नावावर आलेली मालमत्ता मात्र तिचीच राहते.

एक_आई

वकीलकाका, माझा प्रश्न वेगळा आहे आणि लिहायला जड जातंय. माझा पहिला नवरा पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, शिक्षा भोगतोय. पीडित माझीच मुलगी आहे. मग त्याचीच संमती मागायची? मी एकदा विचारून पाहिलं. त्याने "विचार करतो" असा निरोप पाठवला आणि मग भेटीच्या अटी घालायला लागला.

सडेतोड

ह्यासाठीच मी म्हणत होतो. हे ऐकून कुणाचं रक्त उसळणार नाही?

वकीलकाका

एक_आई, अशा बापाचीसुद्धा सही मागावी लागते ही कायद्यातली खरी उणीव आहे. संसारत्याग केलेल्या बापाची संमती लागत नाही आणि स्वतःच्या लेकरावर अत्याचार केलेल्याची लागते. हे बदललं पाहिजे, आणि वकील म्हणून मी ते न्यायालयातही बोलून दाखवलंय.

पण आज तुमच्या हातात काय आहे ते बघू. त्याच्याशी थेट बोलणं बंद करा, अटींची चर्चा तर नकोच. यापुढचं सगळं वकिलामार्फत. ताब्याच्या आदेशात भेटीबद्दल काही लिहिलेलं असेल तर शिक्षेचा निकाल जोडून ते बदलून घ्या. ताब्याचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतात. पालकत्वाचा अर्ज करा. १८९० चा कायदा बापाला प्राधान्य देतो ते तो पालक म्हणून अयोग्य नसेल तरच, आणि पोक्सोतली शिक्षा ही अयोग्यता दाखवायला पुरेशी ठळक आहे. २००८ च्या एका निकालात तर बापावर आईच्या मृत्यूचा खटला नुसता चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने मुलाचा ताबा बापाला देणारा आदेश रद्द केला, आणि असा खटला व मुलाची इच्छा ह्या दोन्ही गोष्टी ताबा ठरवताना बघायलाच हव्यात असं बजावलं.

पालकत्वाचा आदेश हातात आला की शाळा, दवाखाना, बँक, पासपोर्ट ह्यांतल्या बहुतेक ठिकाणी त्या माणसाशिवाय काम होतं. नाव मात्र बदलत नाही, ते दुःख उरतं हे मला कळतंय. तुम्ही स्त्री आहात, त्यामुळे १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

उंबरठा

मी कारागृहात समाजकार्यकर्ती म्हणून काम केलंय. एक_आईसारख्या प्रकरणांबद्दल मी बोलत नाहीये, तिथे बापाची बाजू मांडायची माझी इच्छा नाही. पण निशिगंध यांच्यासारखी प्रकरणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

बराकीत कागद येतो तेव्हा काय होतं ते सांगते. अधीक्षकांच्या कार्यालयात बोलावून सही घेतात. कागद कायद्याच्या भाषेत असतो आणि बाप बहुतेक वेळा जेमतेम शिकलेला असतो. शेजारचा कैदी वाचून सांगतो, "तुझं पोरगं दुसऱ्याच्या नावावर करतायत." एवढं कानावर पडलं की माणूस नाहीच म्हणतो. त्याच्या हातात उरलेली ती एकच गोष्ट असते. पुढे तो नकार कोर्टात जातो, मग दोन्ही बाजू हट्टाला पेटतात.

म्हणून नोटिशीआधी पत्र पाठवा. साधं, मराठीत, आरोप न करता. मुलगी कशी आहे, कितवीत आहे, काय आवडतं, घरात कोण कोण आहे. मग दत्तक का हवंय ते. तुरुंगातल्या माणसालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो त्याने घ्यावा असं तुम्हीच सुचवा. त्याचा स्वतःचा वकील समजावून सांगतो तेव्हा सही टिकते. दबावाखाली घेतलेली सही पुढे मोडते, आणि कोठडीतल्या माणसाच्या सहीवर तो संशय लगेच येतो.

एक मात्र पाळा. "सही कर, मुलगी भेटायला येत राहील" असं पाळता येणार नसेल तर म्हणू नका. दत्तक झाल्यावर ते वचन न्यायालयातून वसूल करून घ्यायचा मार्ग त्याच्याकडे राहत नाही. तो आणि त्याची आई, दोघेही कायद्याने तिचे कुणी उरत नाहीत. तुम्ही आजीचा उल्लेख केलात म्हणून हे लिहिलं.

आणि अपील चालू आहे हे विसरू नका. झालेलं वैध दत्तक मागे घेता येत नाही, बाप निर्दोष सुटला तरी नाही. त्याला हे माहीत असेल तर निकाल लागेपर्यंत तो थांबायला सांगेल, आणि मला ते चूक वाटत नाही.

पारिजात

मी ह्या गोष्टीतली मुलगी आहे. आता तिशीत आहे.

मला दुसऱ्या वडिलांनी वाढवलं, दत्तक झालं नाही, माझ्या बापाने सही दिली नाही. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की तो परदेशी नोकरीला आहे. शाळेतल्या एका मुलीने खरं सांगितलं, सगळ्या वर्गासमोर. त्या दिवशी बाप तुरुंगात आहे ह्याचा धक्का कमी होता. आईने आणि बाबांनी, म्हणजे ज्यांना मी बाबा म्हणते त्यांनी, इतकी वर्षं मला सांगितलं नाही ह्याचा जास्त होता.

ताई, नऊ वर्षांच्या मुलीला पुष्कळ कळतं. अधिकाऱ्यापुढे तिला विचारतील तेव्हा ती पहिल्यांदा ऐकतेय असं होऊ देऊ नका. गुन्ह्याचा तपशील सांगायची गरज नाही. "त्यांच्या हातून फार मोठी चूक झाली, त्याची शिक्षा ते भोगतायत, त्यात तुझा काहीही दोष नाही" इतकं तिच्या वयाला झेपतं. शेवटचं वाक्य मात्र दहादा सांगा. माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं की तो माझ्यामुळे गेला.

आणि आजीला तोडू नका. माझी तोडली होती. माझ्या बापाच्या बाजूचं जे काही चांगलं होतं ते तिच्याकडे होतं, आणि ते मला कधीच मिळालं नाही.

सडेतोड

पारिजात, तुमचं वाचून थांबलो. बाप म्हणून त्याचा हक्क राहावा हे मला अजूनही पटत नाही. पण मुलीला विचारून करावं हे पटलं.

दूरदेशी

उंबरठा, तुरुंगातल्या भेटींबद्दल एक विचारायचंय. मुलीला कधी भेटावंसं वाटलं तर तिथे नेणं बरं का? जाळीपलीकडचा बाप बघून मूल घाबरत नाही?

उंबरठा

घाबरतं, तयारी न करता नेलं तर. नेहमीच्या मुलाखतीत मध्ये जाळी किंवा काच असते, गोंगाट असतो, वेळ थोडा. महाराष्ट्रातल्या काही कारागृहांनी 'गळाभेट' उपक्रम घेतलेत, त्यात मुलांना बापाजवळ बसता येतं. चौकशी करून तसा दिवस निवडावा. आधी पत्रं, मग फोनची सोय असेल तर फोन, मग भेट. मूल नाही म्हणालं तर तिथेच थांबायचं.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही काय ठरवलं ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

पालकत्वाचा अर्ज आधी. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या आहेत, फार समजूतदार आहेत. ह्यांनी मृत्युपत्राचा मसुदा करायला दिलाय. वयातलं अंतर मोजलं, २५ वर्षांचं आहे, म्हणजे ती अट आड येत नाही. दत्तकासाठी अपिलाच्या निकालापर्यंत थांबणार आहोत. ह्यांना वाईट वाटलं, पण तेच म्हणाले की घाई करून उद्या कुणी बोट दाखवेल असं काही नको.

लेकीला मी आणि ह्यांनी दोघांनी मिळून सांगितलं. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "आजीला माहितीये का?" आजीला तर माहीत असणारच, पण तिला वाटत होतं की हे फक्त तिच्यापासून नाही, आजीपासूनही लपवलंय, आणि आजीला कळलं तर ती रडेल. पुढच्या वेळी आजी आली तेव्हा दोघी गच्चीवर जाऊन बोलत बसल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

पत्र मी लिहिलंय. अजून टाकलेलं नाही. उंबरठाताई, तुम्हाला खासगी निरोपात पाठवू का? आरोपाचा सूर कुठे आलाय का तेवढं बघाल?

उंबरठा

जरूर पाठवा.

मोगरा

उलटं असेल तर? माझ्या भावाची पहिली बायको तुरुंगात आहे, मुलगा सात वर्षांचा, आणि नवी वहिनी त्याला दत्तक घ्यायचं म्हणते. सहा वर्षांचा होईपर्यंत तो आईबरोबर आतच होता.

वकीलकाका

संमतीचा नियम तोच, फक्त आता सही आईची लागेल. २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालापासून मूल सहा वर्षांचं होईपर्यंत कैदी आईजवळ राहू शकतं, त्यामुळे ह्या मुलाला आई चांगली आठवत असणार. तेव्हा उंबरठा आणि पारिजात यांनी लिहिलंय ते तुमच्याकडे दुप्पट लागू आहे. वहिनीचं आणि मुलाचं वयाचं अंतर आधी सांगा. आणि आईची सजा झालीय की ती अजून कच्ची कैदी आहे? खटला चालू असेल तर मी सध्या दत्तकाचा विषयच काढू नका असं सांगेन.